मार्ताचं लहानपण आणि तिची चढण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कोल्हापुरात शाळकरी मुलींना फुटबॉल शिकवते. सराव संपल्यावर कधी मार्ताचा विषय निघतो, मग मुली घरी जाऊन सांगतात आणि रात्री पालकांचे प्रश्न मोबाइलवर यायला लागतात. गेली काही वर्षं तेच प्रश्न फिरून फिरून येत आहेत, म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवली. आधी साधे प्रश्न आहेत, किचकट पुढे. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मार्ता म्हणजे नक्की कोण? आणि नाव मार्था की मार्ता?

मार्ता. पोर्तुगीजमध्ये तिथे 'थ' नाही, सरळ 'त' आहे. पूर्ण नाव मार्ता व्हिएरा दा सिल्वा, जन्म १९ फेब्रुवारी १९८६, ब्राझील. गोव्याच्या आणि वसईच्या वाचकांना हे आडनाव ओळखीचं वाटेल, कारण तेही पोर्तुगीजांबरोबरच आपल्याकडे आलं. ब्राझीलमध्ये खेळाडूंना पहिल्या किंवा लाडक्या नावानेच ओळखतात, त्यामुळे तिच्या पाठीवर फक्त 'मार्ता' आणि दहा नंबर असतो. डाव्या पायाची आघाडीची खेळाडू. विश्वचषकात तिचे १७ गोल आहेत आणि पुरुष धरूनसुद्धा एवढे गोल कोणाचे नाहीत.

२. ती रिओची का? समुद्रकिनाऱ्यावर खेळत वाढली असं ऐकलं होतं.

नाही. तिचं गाव दोइस रियाशोस, ईशान्य ब्राझीलमधल्या आलागोआस राज्यात. वस्ती साधारण अकरा हजार. राज्याला किनारा आहे, पण हे गाव आत, 'सेर्ताऊँ' म्हणतात त्या कोरड्या पट्ट्यात आहे. काटेरी झुडपं, बेभरवशाचा पाऊस, वर्षातले बरेच महिने आटलेल्या नद्या. माणदेशातल्या माणसाला हे चित्र वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. गावाच्या नावाचा अर्थ 'दोन ओढे' आणि मार्ता खेळायला शिकली ती कोरड्या पडलेल्या पात्रात, पुलाखाली. पाणी असतं तर तेवढी मोकळी जागा मुलांना मिळाली नसती.

३. घरची परिस्थिती कशी होती? शाळेत उशिरा गेली हे खरं का?

खरं आहे. मार्ता जेमतेम वर्षाची असताना वडील घर सोडून गेले. आई तेरेझा आणि चार मुलं: दोन भाऊ, एक बहीण आणि सगळ्यांत धाकटी मार्ता. आई दिवसभर कामावर. वह्यापुस्तकांचा खर्च झेपत नव्हता म्हणून मार्ताची शाळा नवव्या वर्षी सुरू झाली.

४. चेंडू घ्यायलाही पैसे नव्हते, मग ती शिकली कशी?

दुकानातून येणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या एकात एक कोंबून, दाबून, वरून गाठ मारून चेंडू व्हायचा. पाय अनवाणी. सोबत सगळी मुलगेच.

आम्ही एकदा सरावात असा चेंडू करून पाहिला. पंधरा-वीस पिशव्या लागल्या. तो टप्पा घेत नाही आणि ढकलला तरी हातभर जाऊन थांबतो. लांब पास द्यायची सोयच नाही, त्यामुळे त्याला पायाने सारखं टोचत, वळवत, सोबत न्यावं लागतं. खाली खडबडीत जमीन असली की तो कुठे अडेल याचा नेम नसतो. आमच्या मुली दहा मिनिटांत घामाघूम झाल्या. मार्ताचं खेळणं बघताना चेंडू तिच्या डाव्या पायाला चिकटल्यासारखा वाटतो, त्याचं मूळ या पिशव्यांत असावं असं मला मनापासून वाटतं. आणखी एक कारण म्हणजे समोरचे मुलगे तिच्यापेक्षा अंगाने मोठे होते. धक्काबुक्कीत निभाव लागणार नाही, म्हणून धक्का बसण्याआधीच निसटायचं ही सवय तिथेच लागली.

५. मुलांच्या स्पर्धेतून तिला काढून टाकलं होतं का?

हो. जवळच्या सांताना दो इपानेमा या गावी मुलांची स्पर्धा भरायची. मार्ता आपल्या गावच्या मुलांच्या संघातून तिथे खेळली होती. पुढच्या खेपेला दुसऱ्या एका संघाच्या प्रशिक्षकाने आयोजकांना बजावलं की ही मुलगी खेळणार असेल तर आम्ही संघ मागे घेतो. आयोजकांनी मार्तालाच बाहेर बसवलं. मोठी झाल्यावर तिने हा प्रसंग स्वतः सांगितला आहे.

मला इथे त्या प्रशिक्षकापेक्षा आयोजकांचा राग येतो. एका माणसाच्या धमकीपुढे त्यांनी मुलीला घरी पाठवलं आणि त्या गावात मुलींची वेगळी स्पर्धा नव्हती. म्हणजे तिच्यासाठी खेळच संपला. गावातली माणसंही टोमणे मारायची, मुलगी असून हे काय चाललंय म्हणून. या सगळ्यामागे एक मोठं कारण होतं, ते पुढच्या उत्तरात.

६. ब्राझीलसारख्या फुटबॉलवेड्या देशात बायकांना खेळायला बंदी होती, हे कसं शक्य आहे?

बंदी होती आणि ती कायद्याने होती. १९४१ साली झेतुलिओ व्हार्गास यांच्या राजवटीत क्रीडाविषयक हुकूमनामा क्रमांक ३१९९ निघाला. त्याच्या ५४व्या कलमात स्त्रियांच्या 'प्रकृतीला न मानवणारे' खेळ त्यांना वर्ज्य ठरवले गेले आणि फुटबॉल त्यात धरला गेला. कारण दिलं जायचं ते मातृत्वाचं. बंदी उठली १९७९मध्ये आणि बायकांच्या फुटबॉलला रीतसर नियम मिळाले १९८३मध्ये.

हे एकट्या ब्राझीलचंही नव्हतं. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने १९२१पासून तब्बल पन्नास वर्षं महिलांना आपल्या क्लबांची मैदानं वापरू दिली नाहीत. पण ब्राझीलमध्ये याच काळात पुरुषांनी तीन विश्वचषक जिंकले: १९५८, १९६२, १९७०. घराघरात, गल्लीगल्लीत फुटबॉल मुरत होता आणि निम्म्या लोकसंख्येला तो खेळणं गुन्हा होता. मार्ता जन्मली ती नियम होऊन अवघी तीन वर्षं झाल्यावर. कागदावरची बंदी गेली तरी माणसांच्या डोक्यातली इतक्या लवकर जात नाही. पाचव्या उत्तरातला प्रशिक्षक त्याच हवेत वाढला होता.

७. गावातून ती थेट रिओच्या मोठ्या क्लबमध्ये कशी पोहोचली?

बसने. २००० साली, चौदाव्या वर्षी. साधारण दोन हजार किलोमीटर, तीन दिवसांचा प्रवास. रिओतल्या वास्को दा गामा क्लबमध्ये मुलींची निवड चाचणी होती आणि ओळखीतल्या एका माणसाने तिथे शब्द टाकला होता. निवड झाली नाही तर काय, याचं उत्तर तिच्याजवळ नव्हतं.

चाचणी घेणाऱ्या प्रशिक्षक होत्या हेलेना पाशेको. बुजरी, फारसं न बोलणारी, किडकिडीत मुलगी. चेंडू पायात आला आणि पाशेकोंना जे दिसायचं ते दिसलं. त्यांनी तिला ठेवून घेतलं. 'मार्ताला कोणी शोधलं' असं कोणी विचारलं तर मी पाशेकोंचं नाव घेते, आणि मुलींना ते नाव पाठ करायला लावते. पहिल्यांदा ओळखणारी व्यक्ती स्वतः फुटबॉलमधली एक बाई होती, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

८. मग वास्को सोडलं का?

तिने सोडलं नाही. क्लबने महिला संघच बंद केला. मग ती शेजारच्या मिनास जेराइस राज्यात, बेलो ओरिझोंते शहरातल्या सांता क्रूझ नावाच्या छोट्या संघात गेली. ब्राझीलमध्ये याच नावाचा एक मोठा क्लब रेसीफे शहरात आहे. तो वेगळा, घोटाळा करू नये.

९. थोडक्यात, गरिबीतून वर आलेली खेळाडू असं म्हटलं तर चालेल ना?

चालेल, पण अर्धीच गोष्ट सांगितल्यासारखं होईल. हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त वेळा येतो, म्हणून जरा थांबून लिहिते.

ब्राझीलचाच फुटबॉलपटू रिव्हाल्दो घ्या. आलागोआसला लागून असलेल्या पेर्नाम्बुको राज्यातला. त्याचंही बालपण इतक्या गरिबीत गेलं की पोटभर अन्न नव्हतं. पण त्याच्यासमोर पायऱ्या होत्या: रेसीफेचा सांता क्रूझ, मग मोजी मिरिम, मग कोरिंथियान्स, पाल्मेइरास, मग स्पेन. १९९९मध्ये तो जगातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. प्रत्येक पायरीवर संघ होता, प्रशिक्षक होता, पगार होता, खेळाडू हेरणारी माणसं होती.

मार्ताची गरिबी तशीच होती, पण तिच्या वाटेवर पायऱ्याच नव्हत्या. गावात मुलींचा संघ नाही. जवळच्या गावात स्पर्धेतून बाहेर. दोन हजार किलोमीटरवर संघ मिळाला तर तो बंद पडला. त्यामुळे तिच्या आयुष्यातले प्रवास बघाल तर ते बहुतेक सगळे एकाच कारणासाठी आहेत: खेळायला संघ हवा. पुढे ती जगात पहिली आली तरी हे थांबलं नाही, त्याबद्दल प्रश्न १४मध्ये आहे. गरिबीचं कौतुक करताना आपण ही गोष्ट झाकून टाकतो आणि मग जबाबदारी कोणावरच येत नाही.

१०. देशाकडून पहिल्यांदा कधी खेळली?

२००२मध्ये कॅनडात १९ वर्षांखालील मुलींची पहिली जागतिक स्पर्धा झाली, तिथे सोळाव्या वर्षी. त्यानंतर २००३ हे वर्ष महत्त्वाचं: सांतो दोमिंगोच्या पॅन अमेरिकन स्पर्धेत सुवर्ण आणि अमेरिकेत मुख्य विश्वचषक, वय १७. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्ध पेनल्टीवर गोल, मग नॉर्वेविरुद्ध एक. उपांत्यपूर्व फेरीत स्वीडनविरुद्धही तिने पेनल्टी मारली, पण ब्राझील १-२ असं हरलं. हरवणाऱ्या देशानेच तिला पुढे बोलावून घेतलं.

११. स्वीडनच का? इतक्या लांब, इतक्या थंडीत?

कारण तिथे संघ होता आणि पगार होता. उमेओ हे स्वीडनच्या उत्तरेकडचं शहर. त्या काळात तिथला महिला क्लब युरोपात सर्वोत्तम होता, २००३चा युरोपीय चषक त्यांनी जिंकला होता. विश्वचषकातली मार्ता पाहून त्यांनी निरोप धाडला.

२००४च्या सुरुवातीला ती तिथे गेली तेव्हा वय अठरा. विषुववृत्ताजवळच्या कडक उन्हातली मुलगी अशा शहरात आली जिथे डिसेंबरात दुपारी दोनच्या सुमारास अंधार पडतो. स्वीडिश येत नाही, इंग्रजी येत नाही. पण खेळायला वेळ लागला नाही. त्याच वर्षी युरोपीय चषकाच्या अंतिम फेरीत उमेओने फ्रँकफुर्टला दोन सामन्यांत मिळून ८-० असं हरवलं, त्यात मार्ताचेही गोल होते. मग २००५ ते २००८ सलग चार वर्षं स्वीडनची लीग. भाषाही ती शिकली, अस्खलित बोलते.

पालकांना मी हे आवर्जून सांगते: तिची गुणवत्ता ब्राझीलमध्ये होती तेवढीच उमेओत होती. फरक पडला तो रोजच्या सरावाने, चांगल्या मैदानाने, वेळेवर मिळणाऱ्या पगाराने आणि आठवड्याला सामना मिळण्याने.

१२. २००७चा तो गोल कोणता, ज्याबद्दल सगळे बोलतात?

चीनमधला विश्वचषक, २७ सप्टेंबर २००७, हांगझोऊ, उपांत्य सामना अमेरिकेविरुद्ध. ब्राझील आधीच ३-० पुढे. डाव्या बाजूला मार्ताकडे चेंडू येतो, पाठ गोलकडे, मागे बचावपटू अगदी अंगाला भिडलेली. मार्ता चेंडूला हलकासा स्पर्श करून तिच्या एका बाजूने पाठवते आणि स्वतः वळून दुसऱ्या बाजूने पळते. बचावपटू मधल्यामध्ये राहते. पुढे गोलसमोरच्या पेटीत आणखी एक आडवी येते, तिला आत वळून चुकवते आणि चेंडू जाळ्यात. हा गोल मी मुलींना आधी नेहमीच्या वेगाने आणि मग अगदी सावकाश दाखवते. दुसऱ्या वेळी त्यांच्या लक्षात येतं की चेंडू येण्याआधीच तिने मागे कोण आहे ते जोखलेलं असतं.

सामना ४-० जिंकला. अंतिम सामन्यात मात्र जर्मनीने २-० हरवलं आणि मार्ताची पेनल्टी गोलरक्षक नादिने आंगेररने अडवली. स्पर्धेतले सर्वाधिक ७ गोल आणि सर्वोत्तम खेळाडूचा मान तिला मिळाला. पण त्या दिवशीचं एक दृश्य जास्त लक्षात ठेवण्यासारखं आहे: पदक घ्यायला आलेल्या ब्राझीलच्या मुलींनी एक फलक धरला होता. त्यावर लिहिलं होतं, 'ब्राझील, आम्हाला पाठबळ हवं आहे.' जगात दुसऱ्या आलेल्या संघाला हे लिहावं लागलं.

त्याच वर्षी जुलैत रिओच्या पॅन अमेरिकन स्पर्धेत सुवर्ण जिंकल्यावर माराकाना स्टेडियममध्ये तिच्या पावलांचे ठसे घेतले गेले. तिथे पेले, गारिंचा यांच्या पंक्तीत बसलेली ती पहिली स्त्री.

१३. जगातली सर्वोत्तम खेळाडू पाच वेळा की सहा वेळा? कुठे पाच लिहितात, कुठे सहा.

दोन्ही बरोबर, संदर्भ वेगळा. फिफाचा, म्हणजे फुटबॉलच्या जागतिक संघटनेचा, हा मान तिला २००६ ते २०१० असा सलग पाच वेळा मिळाला. सहावा २०१८मध्ये, मधे आठ वर्षं गेल्यावर. त्याआधी २००४मध्ये ती तिसरी आणि २००५मध्ये दुसरी होती, पहिली दोन्ही वेळा जर्मनीची बिर्गिट प्रिन्झ.

१४. एवढी मोठी खेळाडू, मग सारखे क्लब का बदलले? पैशासाठी?

बहुतेक वेळा तिच्या पायाखालचा क्लबच गेला. २००९मध्ये अमेरिकेतला लॉस एंजेलिस सोल. पुढच्या हंगामाआधी तो बंद. २०१०मध्ये गोल्ड प्राइड. लीग जिंकली आणि काही आठवड्यांत क्लब गुंडाळला. मग वेस्टर्न न्यूयॉर्क फ्लॅश, तिथेही अजिंक्यपद, पण ती अमेरिकन लीगच २०१२मध्ये बंद पडली. त्याच वर्षी ती स्वीडनला परतली, त्युरेसो संघात. तो २०१४मध्ये युरोपीय चषकाच्या अंतिम फेरीत पोहोचला, वोल्फ्सबुर्गकडून ३-४ हरला, त्यात मार्ताचे दोन गोल. त्याच वर्षी आर्थिक दिवाळखोरीमुळे त्युरेसोही संपला. मग स्वीडनचाच रोसेनगार्ड आणि २०१७पासून अमेरिकेतला ओरलँडो प्राइड, जिथे तिला अखेर पाय रोवता आले. २०२४मध्ये ओरलँडोने लीगही जिंकली आणि अंतिम चषकही.

१५. विश्वचषकाच्या १७ गोलांत पेनल्टी धरल्या आहेत का?

हो, सामन्यातल्या पेनल्टी धरतात. बरोबरी झाल्यावर निकालासाठी मारल्या जाणाऱ्या पेनल्टी कोणाच्याच खात्यात धरत नाहीत. १७वा गोल १८ जून २०१९ रोजी इटलीविरुद्ध, तोही पेनल्टीवर. त्याने ती जर्मनीच्या मिरोस्लाव्ह क्लोझेच्या १६ गोलांपुढे गेली. पाच वेगवेगळ्या विश्वचषकांत गोल करणारी पहिली खेळाडूही तीच. नंतर कॅनडाची क्रिस्टिन सिंक्लेअर आणि पुरुषांत क्रिस्तियानो रोनाल्दो यांनी तिची बरोबरी केली.

त्या स्पर्धेत तिच्या बुटांवर कोणत्याही कंपनीचं चिन्ह नव्हतं. पुरुषांच्या तुलनेत फारच कमी रकमेचे करार समोर आले म्हणून तिने ते नाकारले आणि काळ्या बुटांवर निळ्या-गुलाबी रंगातलं बरोबरचं चिन्ह लावलं. ऑस्ट्रेलियाविरुद्ध गोल केल्यावर पाय उचलून ते चिन्ह बोटाने दाखवलं.

१६. तिने स्वीडनचं नागरिकत्व घेतलं, मग स्वीडनकडून खेळू शकली असती का?

नाही. नागरिकत्व मिळालं २०१७मध्ये. तोवर ती ब्राझीलकडून विश्वचषक आणि ऑलिंपिक कितीतरी वेळा खेळली होती. फिफाच्या नियमांत देश बदलायला वाव आहे, पण तो फार थोड्या सामन्यांनंतरच्या मोजक्या प्रसंगांपुरता. तिच्या बाबतीत तो दरवाजा केव्हाच बंद झाला होता, आणि तिलाही ब्राझीलचीच जर्सी घालायची होती.

१७. ऑलिंपिक सुवर्ण आहे का?

नाही. रौप्य तीन: अथेन्स २००४, बीजिंग २००८, पॅरिस २०२४. तिन्ही अंतिम सामने अमेरिकेविरुद्ध, तिन्ही एका गोलाने गेले.

१८. भारताचा महिला संघ ब्राझीलशी कधी खेळला आहे का?

हो, २५ नोव्हेंबर २०२१ रोजी ब्राझीलमधल्या मानाउसमध्ये. ब्राझील ६-१ जिंकलं, भारताचा गोल मनीषा कल्याणचा. मार्ताची अनेक वर्षांची सहकारी फोर्मिगा हिचा देशासाठीचा हा निरोपाचा सामना होता. आमच्या मुली निकाल विसरतात आणि मनीषाचा गोल पुन्हा पुन्हा लावायला सांगतात.

१९. माझी मुलगी बारा वर्षांची आहे, आता सुरू केलं तर उशीर झाला का?

नाही झाला. पण तिला चेंडू रोज पायाला लागला पाहिजे, आठवड्यातून एकदा नाही. मैदान नसेल तर अंगण, गच्ची, बोळ चालेल. मुलग्यांबरोबर खेळायला मिळत असेल तर खेळू द्या. शाळेत चौकशी करा: सुब्रोतो चषक या शालेय फुटबॉल स्पर्धेत १७ वर्षांखालील मुलींची स्पर्धा असते. शाळेचा मुलींचा संघ नसेल तर चार पालकांनी मिळून मुख्याध्यापकांना भेटा. आमच्याकडे पेठापेठांत, तालमीतालमींत फुटबॉल आहे, शाहू स्टेडियम भरून माणसं सामने बघतात. तिथे मुलींचाही एक संघ मागायला संकोच कशाला? प्रश्न ९मधलं मी का लिहिलं ते यासाठीच.

२०. ती निवृत्त झाली ना?

२०२४च्या एप्रिलमध्ये तिने सांगितलं होतं की देशासाठी हे शेवटचं वर्ष. पण २०२५मध्ये ती परत आली. २ ऑगस्ट २०२५ रोजी किटो शहरात कोपा अमेरिका या दक्षिण अमेरिकी देशांच्या स्पर्धेचा अंतिम सामना कोलंबियाशी होता. ३९ वर्षांच्या मार्ताला शेवटच्या काही मिनिटांसाठी बदली म्हणून उतरवलं, त्यानंतर ब्राझील २-३ असं मागे पडलं. जादा मिळालेल्या वेळात, ९६व्या मिनिटाला, तिने पेटीबाहेरून बरोबरी साधली. बरोबरीमुळे मिळालेल्या पुढच्या जादा अर्ध्या तासात आणखी एक गोल केला. सामना ४-४ झाला आणि पेनल्टींवर गेला. तिथे मार्ताचा फटका अडवला गेला, तरी ब्राझील ५-४ जिंकलं. पुढचा महिला विश्वचषक २०२७मध्ये आहे, आणि तो ब्राझीलमध्येच आहे.